सरकारी तंत्रज्ञान इंटर्नशिप, स्टायपेंडसह: अर्ज कोणत्या क्रमाने करायचा

सरकारी इंटर्नशिपचे अर्ज बऱ्याचदा गुण कमी पडल्यामुळे नव्हे, तर कागद चुकल्यामुळे बाद होतात. कॉलेजच्या पत्रावर तारीख नसते, मार्कशीटवरचं आणि आधारवरचं नाव जुळत नाही, योजना पदवीधरांसाठी असताना दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी फॉर्म भरून बसतो. चांगलं कोडिंग येणारी मुलं-मुली अशा कारणांनी मागे राहतात, हे पाहून वाईट वाटतं. म्हणून हा लेख.

बहुतेक जण जाहिरात दिसली की थेट फॉर्म उघडतात आणि मग एकेक कागद शोधायला धावतात. खरं तर फॉर्म भरणं हे जवळजवळ शेवटचं काम आहे. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. शक्य असेल तर अपेक्षित सुट्टीच्या तीन-चार महिने आधी सुरुवात करा.

## टप्पा १: ही योजना विद्यार्थ्यांसाठी आहे का, आणि पैसे मिळतात का

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ‘सरकारी इंटर्नशिप’ या एकाच नावाखाली चार वेगळ्या गोष्टी फिरत असतात.

शिकत असलेल्या विद्यार्थ्यांसाठी, पैसे मिळणाऱ्या. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाची डिजिटल इंडिया इंटर्नशिप योजना यातली सर्वांत थेट. दरमहा १०,००० रुपये, साधारण दोन महिन्यांचा कालावधी आणि किमान ६० टक्के गुणांची अट. लॅपटॉप स्वतःचा न्यावा लागतो. दुसरी वाट संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओच्या प्रयोगशाळांची. त्यांच्या अलीकडच्या, स्टायपेंड देणाऱ्या इंटर्नशिपच्या जाहिरातींत दरमहा ५,००० रुपये, सहा महिने कालावधी आणि महिन्यात किमान १५ दिवस हजेरी अशा अटी दिसतात. महाराष्ट्रात पाषाणची एआरडीई, सुतारवाडीची एचईएमआरएल, दिघीची आर अँड डीई, अंबरनाथची एनएमआरएल आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळा आहेत. प्रत्येक प्रयोगशाळा आपल्या गरजेप्रमाणे स्वतंत्र जाहिरात काढते. सगळ्यांची एकत्र जाहिरात येईल म्हणून थांबू नका.

विद्यार्थ्यांसाठी, पण बिनपगारी. इस्रोची इंटर्नशिप विद्यार्थ्यांसाठीच आहे, तिथे ६० टक्के किंवा १० पैकी ६.३२ सीजीपीए लागतो, पण स्टायपेंड मिळत नाही. नीती आयोगाचीही बिनपगारी आहे. अनुभव म्हणून दोन्ही उत्तम, पण घरभाड्याचा हिशोब त्यांच्यावर मांडू नका.

शिक्षण संपलेल्यांसाठी. महाराष्ट्राची २०२४ मध्ये आलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना खूप विद्यार्थ्यांच्या नजरेत भरते, कारण तिचं विद्यावेतन ठळकपणे छापलेलं असतं: बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय आणि पदविकाधारकांना ८,०००, पदवीधर-पदव्युत्तरांना १०,००० रुपये. पण ज्यांचं शिक्षण चालू आहे त्यांच्यासाठी ती नाही. नगरपालिका, महापालिका आणि स्मार्ट सिटींमध्ये काम देणारी ट्यूलिप योजना नव्या पदवीधरांसाठी आहे. नॅट्स ही तर अप्रेंटिसशिप, म्हणजे पदवी किंवा डिप्लोमा हातात आल्यानंतरचं वर्षभराचं प्रशिक्षण.

नाव सरकारी, काम खासगी कंपनीत. पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४ मध्ये सुरू झाली तेव्हाच्या नियमांत वय २१ ते २४ आणि पूर्णवेळ शिक्षण चालू नसणं या अटी होत्या. नियमित कॉलेजला जाणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी त्या नियमांत बसत नव्हता.

तपासा: जाहिरातीत ‘परस्युइंग’ म्हटलंय की ‘कम्प्लीटेड’? या एका शब्दावर तुमचा अर्ज टिकतो किंवा पडतो. तो सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

सावधान: बनावट जाहिराती या क्षेत्रात खूप फिरतात, कारण ‘मंत्रालय’ शब्द वाचला की आई-वडीलही विश्वास ठेवतात. केंद्र आणि राज्य सरकारच्या बहुतेक संकेतस्थळांचा पत्ता ‘डॉट गव्ह डॉट इन’ किंवा ‘डॉट एनआयसी डॉट इन’ने *संपतो*. ‘गव्ह’ हा तुकडा पत्त्याच्या मधेच असेल आणि शेवट डॉट कॉम किंवा डॉट ऑर्ग असेल तर ते पान बंद करा. काही खऱ्या संस्था याला अपवाद आहेत, उदाहरणार्थ सीडॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचा पत्ता नुसत्या ‘डॉट इन’ने संपतो. अशा वेळी सर्च इंजिनमधून न जाता संबंधित मंत्रालयाच्या संकेतस्थळावरच्या दुव्यावरून तिथे पोचा. आणि इंटर्नशिप ‘कन्फर्म’ करण्यासाठी, सर्टिफिकेटसाठी किंवा ‘रिफंडेबल डिपॉझिट’ म्हणून कोणी यूपीआयवर पैसे मागितले, तर तिथेच संवाद संपवा.

## टप्पा २: नियमावलीची पीडीएफ पेन घेऊन वाचा

व्हॉट्सॲपवर आलेलं पोस्टर म्हणजे नियमावली नव्हे. मूळ पीडीएफ उतरवून घ्या आणि शक्य असेल तर छापा. सरकारी भाषा रुक्ष असते, पण त्यात एकही ओळ उगाच नसते. वाचताना पुढच्या गोष्टींखाली रेघ मारा: पात्र अभ्यासक्रम, पात्र वर्ष, गुणांची अट आणि ते कोणत्या परीक्षेचे, कालावधी, ठिकाण, स्टायपेंड कधी व कसा देणार, कॉलेजच्या पत्राचा नमुना, आणि अर्ज ऑनलाइन की पोस्टाने.

गुणांच्या अटीवर जरा थांबू. नियमात ‘शेवटच्या परीक्षेत’ अशा अर्थाचे शब्द असतात. कोणी बारावीचे गुण लिहितो, कोणी मागच्या सेमिस्टरचे. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेले विद्यार्थी तर हमखास गोंधळतात. शेवटची *पूर्ण उत्तीर्ण* पदवी किंवा प्रमाणपत्र परीक्षा असा उल्लेख असेल, तर पदवीच्या विद्यार्थ्यासाठी ती बारावी किंवा डिप्लोमा ठरते. शंका राहिली तर दोन्ही गुणपत्रकं तयार ठेवा आणि जाहिरातीत दिलेल्या ईमेलवर एका ओळीत विचारा. उत्तर आलं तर ते जपून ठेवा.

पैशांची ओळही तितक्याच काळजीने वाचा. डीआरडीओच्या जाहिरातींत सहा महिन्यांचे ३०,००० रुपये दोन हप्त्यांत देतात: पहिले १५,००० तीन महिने पूर्ण झाल्यावर, उरलेले सहा महिन्यांनंतर. याचा अर्थ पहिले तीन महिने प्रवास आणि जेवण घरच्या पैशांवर. दिल्लीतल्या मंत्रालयात इंटर्नशिपसाठी दोन महिने राहायचं तर दरमहा १०,००० रुपयांत खोली, जेवण, मेट्रो आणि जाण्या-येण्याचं रेल्वे तिकीट एवढं सगळं बसणं कठीण आहे. राहायची सोय आपली आपण करायची असते. त्यामुळे घरच्यांशी या विषयावर आत्ताच बोला. निवड झाल्यावर नकार कळवावा लागला, तर तुमची जागा दुसऱ्या कोणालाही वेळेत मिळत नाही.

## टप्पा ३: कॉलेजचं पत्र आधी मिळवा

हा टप्पा मी मुद्दाम इतका वर आणला आहे. बाकी सगळे कागद तुमच्या हातात असतात, हा एकच नसतो. विभागप्रमुख रजेवर, प्राचार्य परीक्षेच्या कामात, ऑफिसात गर्दी, शिक्क्याची चावी दुसऱ्याकडे. शेवटच्या आठवड्यात सुरुवात केली तर अर्ज इथेच अडकतो.

बोनाफाईड आणि ना हरकत पत्र हे दोन वेगळे कागद आहेत. तुम्ही या कॉलेजचे विद्यार्थी आहात एवढंच बोनाफाईड सांगतं, आणि ऑफिसातला छापील नमुना बऱ्याचदा ‘शिष्यवृत्तीसाठी’ किंवा ‘रेल्वे पाससाठी’ असा असतो. तो जोडला की अर्ज अपुरा. ना हरकत पत्रात कॉलेज सांगतं की या तारखांदरम्यान विद्यार्थी तुमच्याकडे काम करायला मोकळा आहे.

त्या पत्रात एवढं असायलाच हवं:

- कॉलेजचं लेटरहेड, जावक क्रमांक आणि दिनांक
- कोणाला उद्देशून आहे: विभाग किंवा प्रयोगशाळेच्या संचालकांचं पदनाम
- तुमचं पूर्ण नाव, शाखा, वर्ष, सेमिस्टर, पीआरएन किंवा सीट नंबर
- आतापर्यंतचे गुण किंवा सीजीपीए
- इंटर्नशिपच्या ‘पासून’ आणि ‘पर्यंत’च्या तारखा
- या काळात परीक्षा नाही किंवा उपस्थितीत सवलत दिली आहे, असं वाक्य
- सही, त्याखाली नाव आणि पद, गोल शिक्का

मसुदा स्वतः टाइप करून न्या. टीपीओ (कॉलेजचे प्रशिक्षण व प्लेसमेंट अधिकारी) किंवा विभागप्रमुखांना ‘सर, पत्र हवं होतं’ एवढंच सांगाल तर ते क्लार्ककडे पाठवतील आणि क्लार्क जुना नमुना काढून देईल. तेच ‘सर, जाहिरातीतल्या नमुन्याप्रमाणे मसुदा केलाय, एकदा बघाल का?’ असं म्हणून पेनड्राइव्ह आणि जाहिरातीची छापील प्रत दोन्ही समोर ठेवलंत, तर काम लवकर होतं.

तारखांचा प्रश्न डीआरडीओच्या सहा महिन्यांच्या इंटर्नशिपमध्ये खरा बोचतो. एवढा काळ फक्त शेवटच्या सेमिस्टरला, पूर्णवेळ प्रोजेक्टची मुभा असेल तरच निघतो. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या (एनईपी) अभ्यासक्रमात इंटर्नशिप किंवा ओजेटीला, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाला, क्रेडिट आहेत. तुमची सरकारी इंटर्नशिप त्यात धरली जाईल का, हे पत्र मागतानाच विचारा आणि ‘हो’ असेल तर तेही लेखी घ्या. सहा महिने राबून शेवटी क्रेडिट नाकारले जाणं फार जिव्हारी लागतं.

तपासा: पत्रावरच्या तारखा आणि जाहिरातीतला कालावधी तंतोतंत जुळतो का? विद्यापीठाच्या परीक्षा पुढे गेल्या तर काय, हेही विभागाशी बोलून ठेवा.

## टप्पा ४: नाव, गुण आणि बँक खातं एका रांगेत आणा

नाव. महाराष्ट्रातल्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं: ‘पाटील स्नेहल रमेश’, आणि पुढे आईचं नाव. आधारवर ‘स्नेहल रमेश पाटील’. बँकेत ‘स्नेहल आर पाटील’. आपल्याला ही एकच व्यक्ती वाटते, पण दिल्लीत बसलेला पडताळणी करणारा माणूस मार्कशीटवरचं पहिलं नाव ‘पाटील’ समजतो. फॉर्ममध्ये पहिलं, मधलं आणि शेवटचं नाव असे रकाने असतील तर आधारप्रमाणे भरा, आणि मार्कशीटवर आडनाव आधी छापलेलं आहे, एवढी ओळ टिप्पणीच्या रकान्यात लिहा. स्पेलिंगचा फरक मात्र असा एका ओळीत मिटत नाही. ‘गायकवाड’ किंवा ‘देशमुख’ इंग्रजीत दोन कागदांवर दोन प्रकारे असेल, तर दुरुस्ती आधी करून घ्या. आधारमधली नावाची दुरुस्ती एका दिवसात होत नाही.

गुण. सीजीपीएला ९.५ ने गुणून टक्के काढायची सवय मोडा. ते सूत्र सीबीएसईच्या दहावीसाठी होतं, तुमच्या विद्यापीठाचं वेगळं असू शकतं. रूपांतराचं सूत्र गुणपत्रकाच्या मागे किंवा विद्यापीठाच्या परिपत्रकात असतं. तिथलंच वापरा आणि त्या परिपत्रकाची प्रत जोडा. चुकीच्या सूत्राने ५९.२ चे ६१ झाले आणि पडताळणीत ते उघड झालं, तर ती खोटी माहिती ठरते, मग तुमचा हेतू काहीही असो.

बँक खातं. याकडे कोणी लक्ष देत नाही आणि महिनोन्महिने पैसे अडकतात. खातं तुमच्या एकट्याच्या नावावर, चालू स्थितीत आणि आधारशी जोडलेलं हवं. गावच्या पतसंस्थेतलं खातं चालत नाही, कारण त्याला आयएफएससी नसतो. शाळेत असताना कमी कागदांवर उघडलेल्या ‘स्मॉल अकाउंट’ला मर्यादा असतात: शिल्लक ५०,००० रुपयांपर्यंत, वर्षभरात एकूण जमा १ लाखापर्यंत. केवायसी पूर्ण करून ते साधं बचत खातं करून घ्या. घरातलं पासबुक देना बँक, विजया बँक, सिंडिकेट किंवा आंध्रा बँकेच्या काळातलं असेल, तर त्यावरचा आयएफएससी आता चालत नाही. विलीनीकरणानंतरचा नवा कोड घ्या आणि नवं पासबुक छापून आणा.

तपासा: स्वतःच्याच खात्यावर दुसऱ्या बँकेतून १ रुपया पाठवून पाहा. पैसे आले आणि नाव बरोबर दिसलं, तर खातं तयार आहे.

मार्कशीट, आधार, पॅन शक्यतो डिजिलॉकरमधून घ्या. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०१६ च्या नियमांनुसार डिजिलॉकरमधल्या जारी कागदांना मूळ कागदांइतकीच मान्यता आहे. शिवाय मोबाइलने काढलेल्या, सावली पडलेल्या फोटोपेक्षा ते वाचायला स्वच्छ असतात.

## टप्पा ५: दाखवण्यासारखं एक काम तयार ठेवा

एकच पुरे, पण पूर्ण झालेलं. गिटहबवर वीस अर्धवट रिपॉझिटरी असण्यापेक्षा चालणारी एक बरी.

विषय निवडताना सरकारी कार्यालयात खरोखर काय अडतं ते बघा. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. अनेक कार्यालयांतले जुने मराठी दस्तऐवज कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फाँटात आहेत. ते शोधता येत नाहीत, संकेतस्थळावर टाकले तर अक्षरांच्या जागी इंग्रजी खुणा दिसतात. ते युनिकोडमध्ये बदलणारा छोटा प्रोग्रॅम वरवर अक्षराला अक्षर बदलण्याचा वाटतो. पण तसा नाही. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या *आधी* टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या *नंतर* साठवतात. त्यामुळे ‘स्थिती’ या शब्दातली पहिली वेलांटी एका अक्षरापलीकडे सरकवून भागत नाही, ‘स्थ’ हे अख्खं जोडाक्षर ओलांडावं लागतं. रफाराचं नेमकं उलट: ‘कार्यालय’मधला रफार जुन्या फाँटात ‘या’नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये तो ‘य’च्या आधी जातो. हे दोन नियम नीट हाताळून, शंभरेक शब्दांची चाचणी फाइल सोबत ठेवली, आणि कुठे अजून चुकतं हे रीडमी फाइलमध्ये लिहिलं, तर मुलाखतीत बोलायला भरपूर आहे.

असेच दुसरे विषय: सरकारच्या खुल्या डेटा पोर्टलवरून घेतलेल्या तक्त्यातली तालुक्यांची वेगवेगळी स्पेलिंग एकसारखी करणं. किंवा एखाद्या सरकारी संकेतस्थळाचं पान सरकारच्याच संकेतस्थळविषयक मार्गदर्शक तत्त्वांवर, म्हणजे जीआयजीडब्ल्यूवर, दिव्यांगांच्या दृष्टीने तपासून अहवाल लिहिणं. केंद्र सरकारचं ओपन सोर्स धोरण २०१५ पासून आहे, त्यामुळे लिनक्स आणि पोस्टग्रेस हाताळता येणं उपयोगी पडतं.

सावधान: सायबर सुरक्षा हा तुमचा विषय असेल तरी परवानगीशिवाय कुठल्याही सरकारी संकेतस्थळावर स्कॅनर चालवू नका आणि ‘मी ही त्रुटी शोधली’ असं अर्जात लिहू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्यात अनधिकृत प्रवेश हा गुन्हा आहे. सराव स्वतःच्या मशीनवर उभारलेल्या लॅबमध्येच करा.

## टप्पा ६: उद्देशपत्र (स्टेटमेंट ऑफ पर्पज)

बहुतेक ठिकाणी हे इंग्रजीत द्यायचं असतं. तरी मुद्दा आधी मराठीत मांडा, मग इंग्रजीत लिहा. थेट इंग्रजीत लिहायला बसलं की सगळ्यांच्या तोंडी असलेली तीच ती वाक्यं हातातून उतरतात.

साधारणपणे असं येतं: *मला लहानपणापासून तंत्रज्ञानाची आवड आहे. डिजिटल इंडियाच्या स्वप्नात माझा वाटा उचलायचा आहे. मी मेहनती असून टीममध्ये काम करू शकतो.* हे कोणाबद्दलही खरं ठरेल, म्हणून त्यातून कोणाचीच ओळख होत नाही.

त्याऐवजी: *मी जुन्या मराठी फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम पायथॉनमध्ये लिहिला. साधे शब्द बरोबर येतात, तीन व्यंजनांच्या जोडाक्षरांत अजून चुका होतात. आपल्या भाषा तंत्रज्ञान गटात या प्रकारच्या मजकुरावर काम होतं. चाचणीसाठी शब्दसंच तयार करणं आणि चुकांचं वर्गीकरण, ही दोन कामं मी पहिल्या आठवड्यापासून करू शकतो. जून आणि जुलै मी पूर्णवेळ मोकळी आहे, परीक्षा मेमध्ये संपते.*

पाहा यात काय आहे: केलेलं काम, त्याची मर्यादा, त्या विभागाशी नातं, आणि तारखा. मर्यादा लिहायला घाबरू नका. वाचणारा अधिकारी किंवा शास्त्रज्ञ स्वतः तांत्रिक माणूस असतो. जिथे अडलं ते ज्याला नेमकं सांगता येतं, त्याने काम खरंच केलं आहे हे त्याला कळतं.

विभाग निवडताना ‘एआय’वर सगळ्यांची उडी पडते. ई-गव्हर्नन्स, सायबर कायदा, इलेक्ट्रॉनिक्स, भारतीय भाषा हे विषयही जाहिरातीत असतात. तुमच्या हातातलं काम ज्या विषयाचं आहे, तोच पहिला पर्याय द्या. कायदा किंवा व्यवस्थापन शिकणाऱ्यांनी तंत्रज्ञान शब्द पाहून मागे फिरू नये. अशा योजनांत अनेकदा त्या शाखांनाही जागा असते.

## टप्पा ७: आता फॉर्म

इथवर सगळं तयार असेल तर हे थोड्या वेळात होतं.

१. शेवटच्या दिवशी भरू नका. सर्व्हर मंदावतो, ओटीपी येत नाही. नीती आयोगासारख्या ठिकाणी तर खिडकी दर महिन्याच्या १ ते १० तारखेलाच उघडी असते.

२. ईमेल स्वतःचा आणि कायमचा द्या. कॉलेजने दिलेला ईमेल शेवटच्या वर्षानंतर बंद होतो. मोबाइल नंबर आधारशी जोडलेलाच द्या.

३. फाइलची मर्यादा किलोबाइटमध्ये असते. पीडीएफ लहान केल्यावर ती उघडून शिक्का आणि सही वाचता येते का पाहा. कुठल्याही अनोळखी ऑनलाइन साइटवर आधार अपलोड करून लहान करू नका, संगणकावरच्याच प्रोग्रॅमने करा.

४. फाइलचं नाव ‘स्कॅन १’ नको. आडनाव, नाव आणि कागदाचा प्रकार, एवढं नावात असू द्या.

५. ‘सबमिट’पूर्वीचं पूर्वावलोकन दुसऱ्या कोणाला तरी वाचायला लावा. जन्मतारखेत दिवस-महिना उलटलेला आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

६. अर्ज क्रमांकाचं पान पीडीएफ म्हणून जतन करा.

पोस्टाने अर्ज मागितला असेल तर स्पीड पोस्टने पाठवा, लिफाफ्यावर जाहिरातीत सांगितलेला मजकूर लिहा आणि पावती जपा. अर्ज शेवटच्या तारखेपर्यंत *पोचायला* हवा की *टाकायला* हवा, हे पुन्हा एकदा वाचा.

## टप्पा ८: निवड ते रुजू होणं

मुलाखत झालीच तर ती बहुतेक फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर, थोडक्यात. तुमच्याच प्रकल्पातलं एखादं फंक्शन उघडून ‘हे असं का लिहिलं?’ असा प्रश्न येऊ शकतो. एआय साधनाकडून लिहून घेतलेला भाग असेल तर तो ओळ न् ओळ समजून घेतलेला असावा, आणि विचारलं तर तसं सरळ सांगावं.

निवडीचा ईमेल आला की दिलेल्या मुदतीत होकार कळवा. स्पॅम फोल्डर रोज पाहा. संरक्षण प्रयोगशाळेत पोलिसांची चारित्र्य पडताळणी लागू शकते. महाराष्ट्र पोलिसांकडे त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो, पण पोलीस ठाण्यात बोलावणं येतं आणि दिवस जातात, म्हणून निवडीच्या दुसऱ्याच दिवशी अर्ज टाका.

पहिल्या दिवशी सगळ्या मूळ कागदांसोबत साक्षांकित प्रतींचे दोन संच, पासपोर्ट फोटो आणि रद्द केलेला धनादेश न्या. लॅपटॉप आत नेण्यासाठी त्याचा अनुक्रमांक नोंदवावा लागतो, तो आधीच कागदावर लिहून ठेवा. संरक्षण आस्थापनांत कॅमेऱ्याचा फोन दारातच ठेवावा लागतो, घरच्यांना तसं सांगून ठेवा.

सावधान: गोपनीयतेच्या हमीपत्रावर तुम्ही सही करता. कार्यालयातला कोड स्वतःच्या गिटहबवर टाकणं, नागरिकांचा डेटा असलेली फाइल घरी न्यायला स्वतःला मेल करणं, अडलं म्हणून तोच डेटा एखाद्या खुल्या एआय चॅटमध्ये चिकटवणं, स्क्रीनसमोरचा फोटो लिंक्डइनवर टाकणं, यातलं काहीही करू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे, आणि संरक्षण आस्थापनांत १९२३ चा शासकीय गुपिते कायदा लागू होतो. आपण फक्त विद्यार्थी आहोत, ही सबब तिथे चालत नाही.

## टप्पा ९: हजेरी, नोंदी, अहवाल, पैसे

स्टायपेंड हजेरीवर आणि अहवालावर अवलंबून असतो. हजेरीपत्रकावर रोज सही करा आणि महिना संपला की मार्गदर्शकांची प्रतिस्वाक्षरी घ्या. दोन महिन्यांच्या सह्या एकदम मागायला गेलात आणि मार्गदर्शक दौऱ्यावर असले, तर बिल तिथेच थांबतं.

रोज संध्याकाळी तीन ओळी लिहा: काय केलं, काय अडलं, उद्या काय. अहवालाचा निम्मा मजकूर या वहीतून निघतो. अहवालाचा मसुदा संपण्याच्या दोन आठवडे आधी मार्गदर्शकांना द्या, कारण त्यात काय छापता येईल आणि काय वगळायचं हे तेच ठरवतात. तोच अहवाल कॉलेजमध्येही द्यायचा असेल तर त्यासाठी वेगळी परवानगी घ्या.

प्रमाणपत्र हातात पडल्या क्षणी नावाचं स्पेलिंग, तारखा आणि क्रमांक तपासा. कार्यालयात असतानाच दुरुस्ती सहज होते, गावी परतल्यावर ती पत्रव्यवहारात अडकते. इंटर्नशिपमुळे नोकरीचा हक्क मिळत नाही, असं नियमांत लिहिलेलं असतं. तशी तोंडी आश्वासनं कोणी दिली तरी त्यावर कॅम्पस प्लेसमेंट सोडू नका.

पैसे आले नाहीत तर आधी मार्गदर्शकांना, मग प्रशासन किंवा लेखा शाखेला ईमेल करा. निवडीच्या पत्राचा क्रमांक, हजेरीचा कालावधी, अहवाल दिल्याची तारीख आणि खात्याचा तपशील एकाच ईमेलमध्ये द्या. बऱ्याचदा खातं क्रमांकातला एखादा आकडा चुकल्यामुळे रक्कम परत गेलेली असते आणि हे कोणी आपणहून कळवत नाही. उत्तर येत नसेल तर केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो: शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. त्यात ‘पैसे का दिले नाहीत’ असं विचारू नका. ‘माझ्या स्टायपेंडचं बिल कोणत्या तारखेला मंजूर झालं, कोणत्या तारखेला आणि कोणत्या खात्यावर पाठवलं, याच्या नोंदीची प्रत द्यावी’ असं मागा.